टीव्हीवर जुपलेला बैल

आमच्या घरात बैल पुष्कळ झाले. मारके झाले, पळपुटे झाले, धानाच्या बांधीत मधोमध बसून घेणारे झाले. पण मी आयुष्यात जुपलेलं सगळ्यात हट्टी जनावर तणस खात नव्हतं, वीज खात होतं. त्याला शिंगं नव्हती, शेपूट म्हणून एक काळी वायर होती आणि ती टीव्हीच्या पाठीत खुपसावी लागायची. त्याला लोक टीव्ही गेम म्हणत. पुण्यामुंबईची मुलं त्याच्याशी खेळत असतील. भंडाऱ्यात आम्ही दोघं त्याला नांगर धरायला शिकवत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भंडाऱ्याला तेव्हा टीव्ही नुकता आला होता आणि त्यात माणसांपेक्षा मुंग्या जास्त दिसायच्या. मी बी.एस्सी. होऊन मास्तरकीची वाट पाहत होतो, आणि वाट पाहायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे माझ्या दोस्ताचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. दोस्ताचा हात असा, की रस्त्यानं कोणी बिघडलेला रेडिओ काखेत घेऊन नुसता जात असला तरी तो आतून ओरडायचा, "कंडेन्सर गेला बे त्याचा!" बोलणं माझं आणि हात त्याचा, अशी आमची भागीदारी होती. त्याचा मेहुणा जहाजावर नोकरीला होता. तो दरवर्षी सुटीवर यायचा आणि बहिणीला साडी, भाच्यांना चॉकलेट आणि दाजीला एखादं न समजणारं यंत्र आणायचा. अशी त्याची यंत्रं दुकानाच्या फळीवर साचत गेली.

ती फळीवरच राहिली असती. पण मध्ये माझे मामा आले, आणि मामांच्या मागून त्यांचा बैल आला.

मामा करडीचे. धानाची शेती, गावच्या तलावाचं पाणी, आणि गुरांच्या कोठ्यात एक बैल, ज्याच्यापुढे मामांना पोटची पोरंही पाव्हणी वाटत. पांढराशुभ्र अंग आणि डाव्या फऱ्यावर, म्हणजे पुढच्या खांद्यावर, डांबराचा डबा सांडल्यासारखा काळा डाग, म्हणून सगळे त्याला कबरा म्हणत. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, कबरा धावायला लागला की मागे धूळ उठायची ती थेट मोहाडीच्या बाजारात जाऊन बसायची. एकदा म्हणे तो इतक्या जोरात सुटला, की त्याची सावली रेषेवर त्याच्यानंतर पोचली. हे मी नाही, मामा सांगत. मी फक्त तिथे हजर होतो आणि मलाही तसंच दिसलं.

त्या वर्षीच्या पटात कबऱ्याचा पुढचा पाय खड्ड्यात गेला. फरा उतरला. ढोरांच्या डॉक्टरानं बसवून दिला आणि मामांना स्वच्छ सांगितलं, की चालेल, चरेल, पण पुन्हा पट धावला तर पडेल तो उठणार नाही.

पोळ्याला मी करडीला गेलो. आमच्याकडे भाचा म्हणजे देवाच्या ठिकाणी. मामा भाच्याच्या पाया पडतो. आमचे मामा आधी वाकून माझ्या पाया पडायचे आणि मग सरळ होऊन शिव्या घालायचे. त्या दिवशीही पाया पडले. पण शिव्या घातल्या नाहीत, तेव्हाच मला भीती वाटली. झुलीखाली कबरा उभा होता आणि गावात डफडं वाजलं की दाव्याला हिसके देत होता.

"पाहिलं का भासेबुवा? याले पट पाह्यजे," मामा म्हणाले. "माघात जुपतो."

मामीनं आरतीचं ताट खाली ठेवलं. त्या बैलाला तिनं वासरू असताना भाताची पेज पाजून वाढवलं होतं. "डॉक्टर का बोलला ते ऐकलं ना तुमी?" ती म्हणाली.

"डॉक्टरले का समजते? डॉक्टर धावला का कधी पटात? हा रोज मले विचारते, कवा हाय म्हणून."

"तुमालेच बरा विचारते! मीबी त रोज शेण काढतो, मले त नाही बोलला कधी."

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मामीच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला, मोठ्या माणसांत गप्प बसण्याची विद्या देवानं दिलेलीच नाही. मी म्हणालो, "मामा, तुमचा कबरा मी टीव्हीवर धाववतो. पायाले धक्का नाही, फऱ्याले त्रास नाही."

"फोटो दाखवशील. फोटो त माह्याजवळबी हाय."

"फोटो नाही मामा. तुमी म्हणाल तवा धावंल, तुमी म्हणाल तवा थांबंल. जोडी हाकणारे धुरकरी तुमी."

मामांनी बराच वेळ झूल सारखी केली. मग म्हणाले, "तो धावला, अन् मले वाटलं का हा माहाच कबरा हाय, त पटात जुपणार नाही. शब्द देतो. पण नाही वाटलं, त माघात जुपतो. मंग मामीनं रडाचं नाही अन् भाच्यानं शिकवाचं नाही."

असा मी एका बैलाचा जीव भंडाऱ्याच्या दुकानातल्या फळीवर टांगून आलो.

दोस्ताला सांगितलं तर त्यानं हातातली, तारांना डाग देण्याची तापती सळई खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बिघडून आलो होतो. "अबे, रेडिओ लावून देणं येगळं अन् बैल बनवणं येगळं. बैल ब्रह्मदेव बनवते."

"त्याच्याकडं तरी कुठं मेहुणा होता जहाजावर?"

फळीवरून पहिलं यंत्र काढलं. पडद्यावर दोन फळ्या, मधे एक टिंब, आणि टिंब फळीला लागलं की टक्क. दोस्तानं खोलून पाहिलं आणि नमस्कार करून पुन्हा बंद केलं. त्या यंत्राला जे येत होतं ते त्याच्या तारांतच गाडलेलं होतं. त्याला सांगायला जागाच नव्हती. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असतो ना, चाकांवरचा? पोरानं ओढावा, पुढे जातो. त्याला 'डावीकडे वळ' म्हणून पाहा. तसं.

दुसरं यंत्र लाकडी रंगाचं, वर बोळक्यासारखी एक फट. त्या फटीत डबी खुपसली की नवा खेळ, दुसरी डबी खुपसली की दुसरा. म्हणजे हे शिकणारं जनावर! आम्ही नाचलोच. मेहुण्याच्या एका जहाजी मित्रानं त्याच्या आतल्या कारभाराची माहिती कुठून तरी मिळवून झेरॉक्स पाठवली. ती मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता माझे केस उभे राहिले. त्यातले काही अजून बसलेले नाहीत.

ऐका. टीव्हीच्या आत एक किरण असतो. तो पडद्यावर आडव्या रेघा काढत वरून खाली येतो, पुन्हा वर जातो, पुन्हा खाली येतो, आणि हे इतक्या वेगानं करतो, की माशीला पापणी असती तर तीही मधे मिटली नसती. कुठलंही शहाणं यंत्र काय करेल? आधी पूर्ण चित्र आपल्या आठवणीत काढून ठेवेल आणि किरणाच्या हाती देईल. या यंत्राला चित्र ठेवायला आठवणच नव्हती! होती ती एकशे अठ्ठावीस अक्षरांची. एकशे अठ्ठावीस! आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत एका आत्याच्या घरचे 'आपले नम्र' त्यात मावणार नाहीत. म्हणून त्या यंत्राचा धुरकरी किरणाच्या बरोबरीनं धावायचा. किरण रेघ काढायला निघाला की त्याच्या कानात ओरडायचं, 'इथे पांढरं! आता काळं! आता पुन्हा पांढरं!' तो पुढच्या रेघेवर गेला की पुन्हा ओरडायचं. ओरडायला क्षणभर उशीर झाला की बैलाचं शिंग त्याच्या पोटात. आणि किरण कोणासाठी थांबत नाही. आणि याच पळापळीत खेळाचं गणित करायचं, आवाज काढायचा, हरलं कोण जिंकलं कोण ते पाहायचं.

मी दोस्ताला वाचून दाखवलं. त्यानं यंत्राबरोबर आलेली डबी खुपसून टीव्ही लावला. मग त्या डबीतल्या खेळाकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, "मंग हे ज्यानं बनवलं तो माणूस होता का गा?"

खरंच सांगतो, त्या दिवशी मला देवळात वाटतं तसं वाटलं. त्या खेळात एक वेडंवाकडं माकड होतं आणि शिड्या होत्या. काल आम्ही त्याला हसलो होतो. आज ते माकड पाहताना मी चप्पल काढून बसलो. जगात कुठेतरी, कोणीतरी, ज्याचं नावही डबीवर नव्हतं, त्यानं रेघेरेघेला किरणाच्या शर्यतीत हरवून ते माकड उभं केलं होतं. पट म्हणावा तर तो.

आणि आम्हाला आमचा बैल तिथे जुपायचा होता! नागपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझा जुना वर्गमित्र कामाला होता. त्याच्याकडे चिपमध्ये आकडे भरायचं यंत्र होतं. आम्ही कागदावर आकडे लिहायचो, मी एसटीनं नागपूर गाठायचो, चिप भरून आणायचो, दोस्त ती डबीत डाग देऊन बसवायचा, आणि पडद्यावर काहीही दिसायचं नाही. मग चिप पुसायची. पुसायला खास दिवा लागतो म्हणे. आम्ही ती दुकानाच्या गच्चीवर उन्हात ठेवायचो. भंडाऱ्याचं ऊन! आठवडाभरात चिप सगळं विसरायची. मी आणखी दोन दिवस ठेवली असती तर ती आपण चिप आहोत हेही विसरली असती. शेजारणीनं बाजूलाच मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. एकदा तिनं आमची चिप वडी समजून डब्यात भरली आणि आम्ही तिचा डबा पाटावर उपडा करून आकडे शोधत बसलो.

दिवाळी गेली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, तेव्हा कुठे पडद्यावर एक पांढरी उभी रेघ आली. थरथरत होती, पण आली. आम्ही मिठ्या मारल्या. नेमके त्याच दिवशी मामा बियाण्याच्या कामानं भंडाऱ्याला आले. दुकानात शिरले, माझ्या पाया पडले आणि पडद्याकडे पाहत राहिले.

"हे का हाय?"

"कबऱ्याची शेपटी, मामा. बाकीचा बैल येऊन राहिला."

"शेपटीकडून येऊन राहिला?" मामा म्हणाले. "मंग माघापर्यंत ढुंगण आलं तरी पुष्कळ झालं."

चहा प्यायले आणि गेले. दोस्तानं यंत्र उचलून फळीवर ठेवलं, आणि ठेवताना त्याला हात जोडले. "हे आपल्या हातचं नाही. आपुन बैलगाडीवाले, हे वाऱ्यावर बसणाऱ्याचं काम."

तिसरं यंत्र मेहुण्यानं त्याच दिवाळीला आणलं होतं. पाटीएवढं काळं, वर रबराची बटणं, दाबलं की भिजलेल्या हरभऱ्यावर बोट पडल्यासारखी मऊ. हे मात्र दयाळू होतं. पूर्ण चित्र आठवणीत ठेवायचं. चूक झाली तर पडद्यावर लिहून सांगायचं. साधी इंग्रजी वाक्यं लिहिली की समजायचं. पहिल्याच दुपारी आम्ही त्यात बैल काढला आणि चालवला. चालला! पण असा चालला, जसा तेरवीचं जेवण जेवून चालतो आहे. एक पाय उचलायचा, विचार करायचा, ठेवायचा.

"पट नाही, हा लग्नाची वरात घेऊन चालला," दोस्त म्हणाला.

त्याचं कारण असं, की आमची वाक्यं यंत्र आधी मनात स्वतःच्या भाषेत करून घ्यायचं, आणि त्यात त्याचा दम जायचा. दयाळूपणाची किंमत होती ती. पळवायचा तर त्याच्या भाषेत, नुसत्या आकड्यांत बोलायला हवं. आणि आकड्यांत बोललं की दया संपली. एक आकडा चुकला, की यंत्र गप्प होऊन सगळं विसरायचं, पहिल्यापासून. म्हणून दर वेळी आधी कॅसेटवर भरून ठेवायचं. आमची कॅसेट मूळची दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, गाण्यांची होती. यंत्राचा कार्यक्रम कॅसेटवरून भरताना टिटव्या गिरणीत घातल्यासारखा आवाज यायचा, आणि तो संपला की तडक ढोलकी सुरू व्हायची. त्यामुळे कार्यक्रम बरोबर भरला गेला हे आम्हाला ढोलकीवरून कळायचं.

आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! दोन्ही बैलांचं धावणं तुकड्यातुकड्यांनी काढलं. मागे छकडा. वर पळसाची झाडं, खाली माणसांची गर्दी, झेंडीवाला, डफड्याचा आवाज, शेवटी पांढरी रेष आणि रेषेवर उडणारा गुलाल. आता पट सरळ असतो आणि पडदा हातभर. जमीन मागे सरकवणं त्या यंत्राच्या कुवतीबाहेरचं होतं. म्हणून जोडी उजवीकडून बाहेर गेली की डावीकडून पुन्हा आत घेतली. रेडिओ घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं ते पाहिलं आणि विचारलं, "किती जोड्या हायेत तुमच्याकडं? एक गेली का दुसरी येते!" मामाही हेच म्हणाले असते. म्हणून मग जोडी पडद्याच्या टोकाला वळवायची आणि परत आणायची ठरवली. पण उलट्या दिशेच्या चित्रांना आठवणीत जागा कुठून आणायची? यंत्र शिगोशिग भरलं होतं. तेव्हा मला युक्ती सुचली. तेच चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं करायचं! एक चित्र, दोन दिशा. दोस्तानं मला दुकानाच्या खुर्चीवर बसवून पान खिलवलं.

माघ लागला. पटाला चार दिवस असताना आम्ही टीव्ही गोधडीत गुंडाळून एसटीत घातला. कंडक्टर म्हणाला, आजारी माणसाला असं गुंडाळत नाहीत, नाक उघडं ठेवा. करडीला मामांच्या अंगणात अर्धं गाव आलं होतं. मामा पाया पडले. टीव्ही लागला, टिटव्या ओरडल्या, ढोलकी वाजली आणि जोडी सुटली.

गावातून असा हुंकार उठला, की पलीकडच्या तलावातले बगळे उडाले. अलीकडच्या बैलाच्या फऱ्यावर काळा डाग! कबरा! जोडी उजव्या टोकाला गेली, वळली, परत आली. मामी पदराआडून हसत होती. मी मामांकडे पाहिलं.

मामा उठून उभे राहिले होते. "मधात जोडी कोणं सोडून जुपली?"

"काय मामा?"

"कबरा कोणत्या अंगाले धावते?"

 कबरा जन्मभर डाव्या अंगाला जुपलेला. तेच त्याचं अंग. डाव्या अंगाचा बैल उजव्या अंगाला जुपला तर तो धावत नाही, छकडा घेऊन खड्ड्यात जातो. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. आणि आमच्या पडद्यावर? जोडी आपल्या उजवीकडे धावते तेव्हा आपल्याला अलीकडे दिसतो तो उजव्या अंगाचा बैल. डावीकडे धावते तेव्हा अलीकडे दिसतो तो डाव्या अंगाचा. आम्ही एकच चित्र आरशात उलटं केल्यामुळे कबरा दोन्हीकडून अलीकडेच! म्हणजे येताना बरोबर, जाताना चूक. दर वळणावर जू सोडून, बैल बदलून, पुन्हा जुपल्यासारखं. आठवण वाचवायच्या नादात शेतकऱ्याच्या घरचे आम्ही दोघं डावं-उजवं विसरलो होतो.

"अन् हे," मामांनी बटणाकडे बोट दाखवलं. धावायला ते सारखं टकटक मारावं लागत होतं. "हे टोचणं होय. मी कबऱ्याले कधी टोचलं नाही. जिभेनं धावते तो. हा माहा बैल नाही." पुन्हा वाकून माझ्या पाया पडले. "भासेबुवा, मेहनत गजब केली. पण पटात जुपतो."

मामी आत निघून गेली.

परतताना दोस्त एसटीत टीव्ही मांडीवर घेऊन बसला होता. साकोलीकडे जाणारी वाट आली तेव्हा म्हणाला, "उजवीकडची चित्रं येगळी काढा लागतीन."

"जागा नाही."

"करू जागा."

आणि आम्ही जागा करायला बसलो. आधी पळसाची झाडं तोडली. मग गर्दी घरी पाठवली. गुलाल पुसला. डफडं बंद केलं. टकटक काढून टाकली. बटण नुसतं दाबून धरलं की धावेल असं केलं, त्यानं उलट थोडी जागा सुटली. झेंडीवाला गेला, मागचा छकडा गेला. दर वेळी दोस्त कळवळायचा, "अबे, बाशिंग काढलं, शेला काढला, आता नवरदेवाले का नागवाच नेतं मांडवात?" तरी चित्रं बसेनात. शेवटी एकच गोष्ट उरली. जोडी रेषेवर पोचली का ते पाहायचं, थांबवायचं, जिंकली म्हणायचं, हा सगळा हिशेब. मी आकड्यांकडे बघत बसलो. मग रेष काढून टाकली.

चित्रं बसली. एका अक्षराचीही जागा उरली नाही. सुईचं टोक ठेवलं असतं तर यंत्र फुटलं असतं.

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी पुन्हा करडी. या वेळी गाव आलं नाही, सगळे पटाचं मैदान साफ करायला गेले होते. खुर्चीवर टीव्ही, समोर खाटेवर मामा, दारात मामी.

"टोचणार नाही मी," मामा म्हणाले.

"टोचायचं नाही. पाठीवर हात ठेवल्यासारखं बोट ठेवा."

मामांनी बोट ठेवलं. जोडी सुटली. उजवीकडे जाताना अलीकडे जोडीदार, आणि त्याच्या पलीकडून कबऱ्याची मान, अर्धी मान पुढे, जशी तो नेहमी काढायचा. टोकाला जोडी वळली, आणि डाव्या अंगाचा कबरा अलीकडे आला. पूर्ण. काळा डाग, ताठ शेपूट, पोटाला लागणारे पाय. झाडं नव्हती, माणसं नव्हती, आवाज नव्हता. काळ्या पडद्यावर नुसते दोन बैल धावत होते, आणि मी, ज्यानं त्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः आकड्यांत मोजला होता, तोंड उघडं टाकून पाहत होतो. कारण त्यात ठिपके दिसत नव्हते. कबरा दिसत होता. हे आम्ही केलं यावर माझा आजही विश्वास नाही. आम्ही फक्त जागा करून दिली, आणि तो स्वतःच येऊन धावायला लागला.

मामांची जीभ टाळूला लागली. टॉक. टॉक. कोठ्यातल्या खऱ्या कबऱ्यानं कान टवकारले असतील, मला तिथून दिसत नव्हतं.

"रेष कुठी हाय?" मामांनी विचारलं. नजर पडद्यावरच.

"रेष नाही, मामा. जागा नाही उरली."

"म्हणजे हारत नाही?"

"नाही."

"जिंकतबी नाही?"

"नाही."

"मंग धावते कायले?"

मी दोस्ताकडे पाहिलं. दोस्त स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहायला लागला. दारातून मामी म्हणाली, "वासरू होता तवा कायले धावे अंगणात?"

मामांनी बोट उचललं नाही. चहा आला, थंड झाला, दुसरा आला. कोणीतरी जेवायला बोलावलं. "कसा उठू? धावून राहिला ना तो," मामा म्हणाले. ऊन अंगणातून सरकत भिंतीवर चढलं. रेष असती तर कधीच संपलं असतं. रेष नव्हती, म्हणून कबरा जात होता, वळत होता, येत होता, आणि मामा त्याच्याबरोबर मान वळवत होते. बोटाचं नख पांढरं पडलं होतं.

मग लाईन गेली. पडद्यावरचं सगळं आकसून मधोमध एक टिंब झालं आणि टिंबही विझलं.

मामा दचकले. कोणाकडेही न पाहता उठले आणि कोठ्यात गेले. आम्ही मागे. कबरा रवंथ करत उभा होता. मामांनी त्याचा फरा चाचपला, गुडघे चाचपले, मानेवर हात ठेवून उभे राहिले. 

तेवढ्यात फाटकाशी पटाच्या पंचांपैकी एक जण सायकलवरून आला. पाय टेकवून ओरडला, "दादा, उद्याच्या पटात तुमची जोडी धरू का? कबऱ्यावर सारं गाव बसून हाय."

मामीनं श्वास रोखला. मला तो ऐकू आला.

मामा कोठ्यातून बाहेर आले आणि माझ्या वाट्याच्या महिनोन्महिन्यांच्या सगळ्या शिव्या त्या पंचाला घातल्या. "अक्कल हाय का बे तुले? दुपारपासून धावून राहिला तो! अजून दम नाही खाल्ला. आज इतका धावलेला बैल उद्या जुपते का कोणी? बैल होय का तुही सायकल?"

पंचानं अंगणात पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, काळ्या पडलेल्या टीव्हीकडे पाहिलं आणि पायडल मारून निघून गेला.

मामा पुन्हा आत वळले. कबऱ्याच्या पायाशी उकिडवे बसले आणि आतूनच हाक दिली, "ऐकलं का वं? थोडं तेल गरम कर. पाय चोळा लागतीन याचे."

मामी धावत चुलीकडे गेली.